दहावा उल्लेख

खोलीत पत्रिकेच्या अंकांचे तेहेतीस गठ्ठे होते. दहा वर्षांत चाळीस अंक निघायला हवे होते. सात वेळा जोडअंक काढावा लागला, म्हणून तेहेतीस. शेजारच्या फळीवर पाण्याच्या सव्वीस बाटल्यांची जागा होती, पण बाटल्या पंचवीसच होत्या. एकोणिसाव्या जागी नुसती चिठ्ठी चिकटलेली होती. द्रावण मोजून सोडायची काचेची नळी, ब्युरेट, एक होती, तोटीशी गळणारी. एक रबरी शिक्का होता, आणि त्याची शाईची गादी वाळून कडक झालेली. भिंतीवर पूर्णेच्या खोऱ्याचा हातानं काढलेला नकाशा होता आणि त्यावर लाल शाईचे सव्वीस ठिपके. शालूनं हे सगळं मोजलं, कारण वामनराव हातातलं पत्र तिसऱ्यांदा वाचत होते आणि तेवढा वेळ दुसरीकडे कुठं पाहावं हे तिला कळत नव्हतं.

पत्र नागपूरच्या विद्यापीठाकडून आलेलं होतं. १९७० सालच्या जानेवारीची तारीख होती. विद्यापीठ आता मान्यताप्राप्त संशोधन-नियतकालिकांची यादी नव्यानं करणार होतं. ज्याला यादीत राहायचं असेल त्यानं आपल्या लेखांची दखल इतर संशोधक किती घेतात ते मोजून कळवायचं. मोजायची रीतही दिली होती. १९६७ आणि १९६८ या दोन वर्षांत छापलेले लेख घ्यायचे. १९६९ साली इतर नियतकालिकांत त्या लेखांचे उल्लेख किती झाले ते शोधायचं. उल्लेखांना लेखांच्या संख्येनं भागायचं. भागाकार पाव आला, म्हणजे दर चार लेखांमागे एक उल्लेख निघाला, तर नाव यादीत राहणार. त्याच्या खाली गेला तर नाही.

वामनराव पिंपळगाव राजाचे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पूर्णेच्या सखल खोऱ्याला पायनघाट म्हणतात, म्हणून ‘पायनघाट विज्ञान पत्रिका’ या नावानं त्यांनी ती १९६० साली सुरू केली आणि आपल्याच घराच्या ओसरीलगतच्या या खोलीतून चालवली. लेख इंग्रजीत असत, पण प्रत्येक लेखाच्या शेवटी अर्धं पान मराठी सारांश असे. ज्याच्या विहिरीचं पाणी तपासलं त्यालाही आपल्या पाण्याबद्दल वाचता यावं, असा त्यांचा हट्ट होता. जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या खारपाण पट्ट्यातल्या सव्वीस विहिरींचं पाणी ते दर तीन महिन्यांनी तपासत. सायकलच्या हँडलला बाटल्यांची पिशवी अडकवून निघाले की गावातली माणसं म्हणत, मास्तर पाणी तोलायले चालले. ते आकडे पत्रिकेत येत, आणि त्यांच्या भोवती अकोल्या-अमरावतीच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांचे लेख येत: कपाशीवरच्या किडींचे, लोणारच्या दगडांचे, थोडे रसायनाचे.

यादीतून नाव गेलं की काय होणार, हे पत्रात लिहिलं नव्हतं, पण दोघांनाही ते माहीत होतं. यादीबाहेरच्या पत्रिकेत छापलेला लेख प्राध्यापकाच्या कामात धरला जात नाही. तेव्हा लेख कोणी पाठवणार नाही, लेखांशिवाय पत्रिका निघणार नाही, आणि सव्वीस विहिरींचे दहा वर्षांचे आकडे वहीतच राहतील.

शालू त्याच गावची, पंजाबरावांची मुलगी. घरी मिरची-वांग्याचा मळा. आदल्या वर्षी रसायन घेऊन ती बी.एस्सी. झाली होती आणि पुढं काय, या प्रश्नाला घरात रोज नवं उत्तर निघत होतं. तिनं वामनरावांना विचारलं की मोजणी ते स्वतः का करत नाहीत. नागपूरला जाऊन बसायला त्यांच्यापाशी वेळ होता.

“मी मोजलं तं मले गोडच लागन,” वामनराव म्हणाले. “तू मोज.”

याचा अर्थ दुसऱ्या कोणाला कळला नसता. शालू आठवीत असताना वामनरावांनी वर्गात पाच बाटल्या आणल्या होत्या. प्रत्येकीनं पाचही पाणी चाखायचं आणि खारं की गोड ते लिहायचं. मग त्यांनी ब्युरेट लावून क्षार मोजले. शालूनं ज्या पाण्यापुढं ठासून ‘गोड’ लिहिलं होतं, ते पाचांतलं सगळ्यात खारं निघालं. ते तिच्या मामाच्या गावच्या विहिरीचं होतं आणि दर उन्हाळ्यात ती तेच पीत आली होती. वामनरावांनी तिला हसू दिलं नव्हतं आणि रडूही दिलं नव्हतं. फळ्यावर आकडा लिहून ते पुढच्या बाटलीकडं वळले होते.

जलंबला गाडी बदलून ती नागपूरला गेली आणि मावशीकडं राहिली. सहा आठवडे, रविवार सोडून रोज, ती एका मोठ्या ग्रंथालयात बसली. विद्यापीठानं अठ्ठावन्न नियतकालिकांची नावं दिली होती. त्यांचे १९६९ चे अंक मागवायचे आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी दिलेली संदर्भांची यादी, तसंच तळटिपा, ओळीवर पट्टी ठेवून वाचायच्या. ‘पायनघाट’ दिसलं की एक चिठ्ठी करायची. लेख ती वाचतच नसे. अंक आणून देणारा उकंडराव नावाचा शिपाई चार दिवस हे पाहत राहिला आणि पाचव्या दिवशी म्हणाला, “बाई, तुम्ही सिनेमाबी शेवटून पाहता का?” त्यानंतर तो तिच्यासाठी अंक आणतानाच उलटे ठेवू लागला.

पहिल्या नऊ दिवसांत एकही चिठ्ठी झाली नाही. दहाव्या दिवशी एक झाली. तो दिवस तिनं मावशीला सांगितला आणि मावशीनं कौतुकानं विचारलं की यातून नोकरी लागेल का.

सहा आठवड्यांत चार हजार दोनशे लेख झाले. उल्लेख मिळाले नऊ. पाणी आणि माती या विषयात चार, शेती आणि किडींत तीन, भूस्तरात एक, रसायनात एक. पत्रिकेनं त्या दोन वर्षांत छापलेले लेख शेहेचाळीस होते. नऊ भागिले शेहेचाळीस: शून्य पूर्णांक वीस शतांश. पाव व्हायला पाच शतांश कमी.

पण मोजता मोजता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. रसायनाचे लेख लिहिणारे संदर्भांची भली लांब यादी देत. एकेका लेखाखाली वीस-पंचवीस नावं. पाण्या-मातीवाले आठ-नऊ नावांत आटोपत. जिथं प्रत्येकजण पंचवीस जणांची नावं घेतो तिथं आपलं नाव निघणं सोपं, आणि जिथं नऊच जणांची घेतात तिथं अवघड. मग दोन्हीकडचा एकेक उल्लेख सारखा कसा? तिनं दर सातवा लेख घेऊन सहाशे लेखांच्या याद्या मोजल्या. सगळे मिळून सात हजार दोनशे संदर्भ, म्हणजे लेखामागे बारा. विषयवार पाहिलं तर पाणी-मातीत नऊ, शेतीत दहा, भूस्तरात सोळा, रसायनात चोवीस. तेव्हा पाणी-मातीतल्या उल्लेखाला बाराला नवानं भागून येईल ते वजन द्यायचं, एक पूर्णांक एक तृतीयांश. रसायनातल्या उल्लेखाला अर्धंच.

तिनं ही रीत विद्यापीठाला कळवली आणि विचारलं की ही चालेल का. बारा दिवसांनी उत्तर आलं: चालेल, मात्र वाढतं तिथं आणि घटतं तिथं, दोन्हीकडं सारखी लावावी. तिनं ती लावली. नऊ उल्लेखांचं वजन झालं दहा पूर्णांक अठरा. पाव गाठायला साडेअकरा लागत होते. पाणी-मातीतला आणखी एक उल्लेख मिळाला असता तर साडेअकरा होऊन वर थोडं उरलं असतं.

तो एक तिच्यापाशी होता, आणि नव्हता.

अकोल्याच्या एका प्राध्यापकानं पूर्णाकाठच्या पिण्याच्या पाण्यावर लेख लिहिला होता. त्यात एका ठिकाणी, चौदा नंबरच्या विहिरीत दहा लाखांत ३१४० भाग क्षार आहेत असं म्हणून तळटीप दिली होती: ‘वामनराव, पिंपळगाव राजा, १९६७.’ पत्रिकेचं नाव नाही, पान नाही. शालूनं त्याची वेगळ्या रंगाची चिठ्ठी केली.

वेगळा रंग करायचं कारण असं की तिच्यापाशी आणखी सतरा चिठ्ठ्या होत्या, आणि त्या सतराही तळटिपांत वामनरावांचं नाव होतं, पण पुढं लिहिलेलं होतं ‘खासगी पत्रव्यवहार’. विद्यापीठाच्या सूचनांतली पाचवी सूचना सांगत होती की खासगी पत्रांचे उल्लेख धरू नयेत.

नागपूरहून निघायच्या आदल्या दिवशी तिनं विद्यापीठाचा तक्ता दोनदा भरला. एका तक्त्यात उल्लेख नऊ होते, दुसऱ्यात दहा. दोन्ही तिनं पिशवीत ठेवले.

एप्रिल लागला होता. खामगावहून येणारी एस. टी. पिंपळगावला थांबली तेव्हा अकरा वाजले होते आणि उतरणाऱ्या माणसांनी डोक्यावरून उपरणी घेतली होती. शालू घरी पिशवी टाकून तशीच वामनरावांकडं गेली. ते खोलीत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर ठेवलेला होता आणि ठेवलेला असूनही थरथरत होता. त्रेसष्ट सालापासून तो तसाच होता.

तिनं चिठ्ठ्या चार ढिगांत लावल्या आणि सगळं सांगितलं: चार हजार दोनशे, नऊ, विषयांची वजनं, दहा पूर्णांक अठरा. वामनरावांनी वजनांची रीत दोनदा समजून घेतली. त्यांना ती आवडली. रसायनाचा उल्लेख अर्धा धरला, तिथं तुझा जीव नाही का दुखला, तू तं रसायनवाली, असं त्यांनी विचारलं आणि ते थोडे हसलेही. मग तिनं सतरा चिठ्ठ्यांचा पाचवा ढीग पुढं सारला.

त्यांनी त्या एकेक करून वाचल्या. रुक्मिणीबाई, त्यांची पत्नी, चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्याशीच थांबल्या.

“कार्डं,” वामनराव म्हणाले.

कार्डांची हकिकत अशी होती. पत्रिका खामगावला रंगरावांच्या छापखान्यात छापून होई. रंगराव माणूस चांगला, पण माघ उजाडला की छापखान्यात लग्नपत्रिकांशिवाय दुसरं काही शिरत नसे. वैशाख सरेपर्यंत पायनघाटचे जुळवलेले खिळे कोपऱ्यात पडून राहत. पावसाळ्यात वीज जाई. अंक तीन-तीन, चार-चार महिने उशिरा निघे. आणि इकडं पत्रं येत: अमक्या विहिरीचं पाणी कसं आहे, तमक्या भागाचे आकडे झाले का. विचारणाऱ्याला थांबवणं वामनरावांना जमत नसे. त्यांनी मजकुराचा एक इंग्रजी शिक्का करून घेतला होता: ‘आपण मागितलेले आकडे पुढीलप्रमाणे.’ पोस्टकार्डावर तो शिक्का उठवायचा आणि खाली आकडे भरायचे. हात थरथरायला लागल्यापासून आकडे रुक्मिणीबाई भरत. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण इंग्रजी आकडे येत होते, आणि ते त्या छापल्यासारखे काढत. वामनराव सांगत, त्या लिहीत, आणि कोणाला काय पाठवलं ते त्या सालाच्या नोंदवहीत उतरवून ठेवत. दुपारच्या टपालानं कार्ड जाई.

म्हणजे अंक निघायच्या आधीच ज्याला आकडे हवे त्याला ते मिळालेले असत. त्याचा लेख लिहून होई, तळटिपेत तो इमानानं पत्राचा उल्लेख करी, आणि तोच आकडा तीन महिन्यांनी पत्रिकेत छापून येई तेव्हा त्याला त्याची गरज उरलेली नसे.

रुक्मिणीबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, “मंग म्या लिहिली थेच नडली म्हना.”

वामनराव म्हणाले की कार्डं आपण सांगितली म्हणून त्यांनी लिहिली. पण हे बोलताना ते चिठ्ठ्यांकडंच पाहत होते. मग त्यांचं लक्ष वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीकडं गेलं आणि त्यांनी विचारलं, ही कोणती.

शालूनं सांगितलं. ही पत्रिकेची धरली तर उल्लेख दहा होतात आणि भागाकार पाव होतो. कार्डाची धरली तर नऊच. लिहिणाऱ्यानं काहीच स्पष्ट केलेलं नाही.

“नोंदवही पाहू,” वामनराव म्हणाले. “त्याले कार्ड गेलं असन तं नोंद असनच. नसन गेलं तं त्यानं अंकातून घेतलं. आयकलं का, सदुसष्टची वही आणता?”

रुक्मिणीबाई आत गेल्या. गेल्या त्या लवकर आल्याच नाहीत. पेटीचं झाकण वाजलं, भांडं सरकल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हात रिकामे होते.

“नाई सापडत,” त्या म्हणाल्या. “वाळवी लागली व्हती पेटीले. गेली असन त्यात.”

वामनरावांनी मान हलवली. वाळवी कधी लागली, हे त्यांनी विचारलं नाही. शालूला म्हणाले की तू सकाळपासून उपाशी असशील, आधी आत जाऊन चार घास खा, तक्ता मग पाहू.

स्वयंपाकघरात चुलीची धग होती. रुक्मिणीबाईंनी भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, ताटाच्या कडेला ठेचा ठेवला आणि समोर बसल्या. शालूचे दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं.

“दहा झाले तं मास्तरांची पत्रिका राह्यते?”

“राह्यते, काकू.”

“अन् नऊ झाले तं?”

शालूनं नकारार्थी मान हलवली. रुक्मिणीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग त्यांनी विचारलं की नागपूरवाल्यांना ही वही पाहायला लागते का. शालू म्हणाली, नाही, ते फक्त तक्ता पाहतात.

“मंग झालं तं,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, पाण्याचा तांब्या भरून आणला, पुन्हा बसल्या. थोड्या वेळानं परत उठल्या आणि कोपऱ्यातल्या ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक वही बाहेर काढली. तिच्या पुठ्ठ्याला ज्वारीचे दाणे चिकटले होते, ते त्यांनी एकेक करून झटकले. वाळवीचं एकही भोक तिला नव्हतं.

“सात वर्सं लिहिली म्या,” त्या म्हणाल्या. “एक दिस खाडा नाई. दुखन्यात पडली व्हती तवाबी उठून लिहिली. तिले वाळवी लागली म्हनलं अन् तवापासून मनाले बरं नाई वाटून राह्यलं.” वही त्यांनी शालूच्या ताटाशेजारी ठेवली. “मले पाह्यवत नाई. तूच पाह्य.”

शालूनं हात धुतला. वही मराठीत होती. बाळबोध वळणाचं अक्षर, एकसारखं. तारीख, गाव, नाव, कोणत्या विहिरी, कार्डं किती, आणि शेवटच्या रकान्यात कार्डावर लिहिलेले आकडे जसेच्या तसे. १९६७ सालात चौसष्ट नोंदी होत्या. अडतिसावी नोंद ११ जुलैची होती. गाव अकोला, नाव त्याच प्राध्यापकाचं, विहिरी एक ते सव्वीस, कार्डं दोन. चौदाव्या विहिरीपुढं लिहिलं होतं: ३१४०.

तिला पत्रिकेतला आकडा पाठ होता, कारण तळटीप सापडल्या दिवशीच तिनं ग्रंथालयात असलेला अंक काढून पाहिला होता. पत्रिकेत ३४१० होतं. तेव्हा तिनं स्वतःला सांगितलं होतं की प्राध्यापकानं उतरवून घेताना चूक केली असेल. माणसं करतात. ही समजूत घेऊन ती गाडीत बसली होती आणि जलंबपर्यंत तिला ती पटलेलीही होती.

“अंकात चौतीसशे दहा आहे, काकू,” ती म्हणाली.

रुक्मिणीबाईंनी वहीवर वाकून त्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. लिहिताना चार आणि एक यांची जागा बदलली होती; कार्डात तसंच गेलं, वहीत तसंच उतरलं, आणि आता अकोल्याच्या लेखातही तसंच छापलेलं होतं.

“माह्या हातचं हाये,” त्या म्हणाल्या.

शालू वही घेऊन ओसरीवर आली. स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत अकरा पावलं होती. त्या अकरा पावलांत तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. वही कोणी मागणार नव्हतं. दहाचा तक्ता पिशवीत भरलेला होता. प्राध्यापकाला तरी काय आठवणार, की त्यानं कार्ड समोर ठेवलं होतं की अंक? आकडा वामनरावांच्या विहिरीचा, वामनरावांच्या ब्युरेटचा. मग तो कार्डावरून गेला काय आणि छापून गेला काय. हे सगळं तिला खरं वाटत होतं, अगदी मनापासून खरं, आणि तेवढ्यासाठीच ती नवव्या पावलावर थांबली. आठवीत ‘गोड’ हा शब्दसुद्धा तिनं असाच मनापासून लिहिला होता.

ती खोलीत गेली आणि अडतिसावी नोंद उघडून वही वामनरावांपुढं ठेवली.

त्यांनी वहीकडं पाहिलं नाही. त्यांच्यापुढं १९६७ च्या ऑक्टोबरचा अंक उघडा होता, पान एक्केचाळीस. ३४१० या आकड्याखाली शिसपेन्सिलीची वेडीवाकडी रेघ होती, आणि शेजारी शालूची वेगळ्या रंगाची चिठ्ठी. चिठ्ठीवरच्या ३१४० खालीही तशीच रेघ होती.

“तू जेवायले गेली तवाच दिसलं,” वामनराव म्हणाले. “अंकातून घेतलं असतं तं हा आकडा आला नसता.” मग त्यांनी वही आपल्याकडं ओढली, पण नोंद वाचायला नाही. पुठ्ठ्याच्या शिवणीत अडकलेला ज्वारीचा एक दाणा त्यांनी डाव्या हाताच्या नखानं काढला आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवला. वही मिटून दाराकडं पाहत ते म्हणाले, “वाळवी नाई लागली, बरं झालं.”

रुक्मिणीबाई दारात होत्या.

मग वामनरावांनी त्यांना एक कोरं कार्ड आणायला सांगितलं. शिक्क्याची गादी वाळलेली होती म्हणून शालूनं तीवर पाण्याचे चार थेंब सोडले. शिक्का फिका उठला. वामनरावांनी सांगितलं आणि रुक्मिणीबाईंनी लिहिलं: विहीर चौदा, ३१४० नव्हे, ३४१०. पत्ता अकोल्याचा. लिहून झाल्यावर त्यांनी आकडा दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला आणि मग चालू सालाच्या वहीत त्याची नोंद केली. कार्ड दुपारच्या टपालात गेलं.

शालूनं पिशवीतून दोन्ही तक्ते काढले. दहाचा तक्ता तिनं चार घड्या करून फाडला. दुसऱ्यात एकच भर घालायची होती. खासगी पत्रांच्या उल्लेखांची संख्या विद्यापीठानं मागितली नव्हती, पण शेरा लिहायला मोकळी जागा होती. तिथं तिनं वेगळ्या रंगाची चिठ्ठी धरून अठरा असं लिहिलं. वामनरावांनी विचारलं, हे कशाला, धरणार तं नाईत. ती म्हणाली, मोजले आहेत म्हणून.

सही करायला त्यांना वेळ लागला. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं होतं. शालू तोवर फळीवरच्या बाटल्यांकडं पाहत होती. त्यांतल्या पाण्यानं काचेच्या आतून पांढरी रेघ धरली होती, प्रत्येक बाटलीत वेगळ्या उंचीवर. सही झाल्यावर तिनं तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासला.

नियतकालिक: पायनघाट विज्ञान पत्रिका, पिंपळगाव राजा. छापलेले लेख, १९६७ व १९६८: शेहेचाळीस. पाहिलेली नियतकालिकं: अठ्ठावन्न. पाहिलेले लेख: चार हजार दोनशे. मिळालेले उल्लेख: नऊ. विषयांच्या वजनानुसार: दहा पूर्णांक अठरा शतांश. भागाकार: शून्य पूर्णांक बावीस शतांश.